पारख

मालकाला अजून सांगितलेलं नाही.
त्या तापातून उठलो तेव्हा
आधी साबण मुका झाला,
मग चहा, मग खाडीवरचं डिझेल,
आणि हिंग जातो पण वास जात नाही म्हणतात ना,
तोही गेला.

देरात, मसाला बाजाराच्या मागच्या गल्लीत
बावीस वर्षं नाकावर पोट भरतोय मी.
बंदर अब्बासहून लाकडी गलबतं लागतात,
नाखुदा धक्क्यावरूनच ओरडतो, "अंगूझे!"
(आमच्या कोकणात नाखवा, त्यांचा नाखुदा.
पाणी एकच.)
पोत्याचं तोंड सोडायचं, डोळे मिटायचे
आणि सांगायचं:
हा मुळाच्या पहिल्या चिरेचा, हा तिसऱ्या,
ह्यात कणीक आहे, परत पाठवा.
जलीलशेठ लारी माझ्या शब्दावर चेक फाडायचे.
अजूनही फाडतात.

डोळे मी अजूनही मिटतो.
आत कुणी नसतं.

म्हणून चोरून शिकलो.
खडा पाण्यात सोडायचा,
अस्सल असला तर पाण्याचं दूध होतं, तळाशी गाळ बसत नाही.
काडी लावली तर कापरासारखा पेटतो.
पण हे सगळं दुकानात कुणी नसताना.
माझं खरं यंत्र म्हणजे
नायफमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट.

संध्याकाळी दिवसभराचा माल अंगावर घेऊन शिरतो
आणि आरशात बघत राहतो.
तिसऱ्या मजल्यावरची नर्स मारिसेल नाक मुरडते,
पेशावरचा टॅक्सीवाला बटणांकडे बघत श्वास धरतो.
बरं. माल चोख आहे.
पूर्वी लाजेने कोपरापर्यंत लिंबू घासायचो.
आता कुणी रुमाल काढला
की दुसऱ्या दिवशी पावतीवर बिनघोर सही.
चोपड्याला म्हणतात, अमक्याला हिंग लावून कुणी विचारत नाही.
मला हिंग लागलाय
म्हणूनच कुणी विचारत नाही.

मंगळवारी नवीन पोती आली.
पाणी पांढरं झालं. झालं असावं.
दिव्याखाली सगळंच पांढरं दिसतं.
लिफ्टमध्ये मारिसेल चक्क हसली,
म्हणाली, आज फार गरम होतं नाही?
सात मजले मला घाम फुटत होता.
माल खोटा, की तिला सवय झाली,
की तिलाही तोच ताप येऊन गेला?
हे कुणाला, कसं विचारायचं?

सकाळी उम्म सुलतान आल्या,
नातवाचं पोट दुखतंय, हिल्तीत दे म्हणाल्या.
मी नव्या पोत्यातला खडा तळहातावर ठेवला
आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.
चेहऱ्यावर तो सोनेरी चोचीचा मुखवटा,
नाक नेमकं त्याच्याच मागे.
दिसत होते फक्त डोळे.
त्यांनी खडा चोचीखाली नेला.
डोळे हलले नाहीत.
मग खडा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या,
मी हिंगाकडे बघायचो तशा.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, रमजानच्या आधीपासून.
त्यांनी बोटाने कोपऱ्यातलं जुनं पोतं दाखवलं.
त्यातला द्यायला लावला, बरोबर पाच दिरहम मोजले.
जलीलशेठ आत फोनवर होते.
त्यांना सलाम करून गेल्या, बाकी काही नाही.

आता त्या माल आला की येतात.
नातवाचं पोट एवढं दुखत नसावं.

रात्री वरण करतो.
तेल तापतं, मोहरी तडतडते,
चिमूट टाकली की चर्र होतं,
त्या आवाजावरच भागवतो.
चिमूट किती, ते बोटांना आठवतं,
पण बोटांचाही आता भरवसा वाटत नाही.
शेजारच्या खाटेवरून शफीक खोकतो.
"चेट्टा, हिंग जास्त झाला!"

जास्त? मी गॅस बारीक करतो.
किती जास्त?
तो हसतो, कूस बदलतो.
मी पळी हातात धरून उभा,
मला आकडा हवा असतो.